रुक्माक्का आणि न येणारा चौथा दिवस

आमच्या बळेपेटेतल्या गल्लीत तारवाला आला तर लोक निदान दार उघडत. रुक्माक्का मात्र हॉस्पिटलची निळ्या काठाची पांढरी साडी न बदलता भर दुपारी कुणाच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि "स्वल्प बोलायचंय" म्हणाली, की आतल्या बाईच्या हातातलं काम गळून पडे. स्वल्प म्हणजे थोडंसं. तिचं थोडंसं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मीही तिला भीत असे. एकवीस वर्षांची, सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून पगार आणणारी मी, तिची चाहूल लागली की मागच्या दाराने सटकायची. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी हा पळपुटेपणा कबूल करायला हवा.

ती आमची पाठीमागची शेजारीण. तिच्या आणि आमच्या परसात कमरेएवढी भिंत होती. ती शिंप्याची, आम्ही देशस्थ. दोघांचीही माणसं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात उतरली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. विशीतच ती विधवा झाली होती, मूलबाळ नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात ती आया होती. त्या वॉर्डाच्या टोकाला रेडियमची खोली होती. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या रोगाचं नाव तेव्हा कुणी मोठ्याने घेत नसे, आणि तो ज्या जागी होई त्या जागांची नावं तर मुळीच नाही.

उंच, हाडकुळी, पायात पुरुषी चपला, हाताला कायम फिनेलचा वास. बोलताना समोरच्या बाईचं मनगट धरून ठेवायची तिची सवय होती. नवीन माणसाला वाटे, नाडी बघते आहे. "नाडी मला काय कळते? पळू नये म्हणून धरते," असं ती सांगायची. कुणी रडायला लागली, मला भीती वाटते म्हणाली, तर रुक्माक्का कधीच "भिऊ नको" म्हणत नसे. ती म्हणायची, "भ्यायचं तर भी. पण चालता चालता भी." आणि खरोखर त्या बाईला चालवत बस थांब्यापर्यंत न्यायची.

गल्लीने तिला भ्यावं याला कारण होतं. बांगडीवाल्याच्या नागूबाईच्या छातीत सुपारीएवढी गाठ आली होती. तिने वर्षभर त्यावर सांबरशिंग उगाळून लावलं. दुखत नाही, मग कशाला कुणाला दाखवायचं, असा तिचा हिशेब. रुक्माक्काला कळलं तेव्हा सुपारीचं लिंबू झालं होतं. तिने नागूबाईला नेलं, डॉक्टरांनी ती बाजू बरगड्यांपर्यंत खरवडून काढली, आणि नागूबाई घरी आली ती उजवा हात वर न होणारी, आरशाकडे पाठ करून बसणारी बाई होऊन. रुक्माक्काने तिला चोळीत घालायला जाड खादीची पिशवी शिवून दिली आणि तिच्यात रागी, म्हणजे नाचणी, भरली. आधी कापूस भरून पाहिला होता, पण तो हलका पडतो, एक खांदा उचललेला दिसतो, म्हणून रागी. तीन वेळा उसवून, मूठमूठ काढून-घालून तिने दोन्ही बाजू सारख्या केल्या. त्या गौरीला नागूबाई हळदीकुंकवाला ताठ बसली होती. दीड वर्षाने तेच दुखणं तिच्या पाठीच्या कण्यात निघालं आणि ती गेली. गल्ली म्हणाली, रुक्माक्काने नेलं, कापलं आणि मारलं. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती आमच्या भिंतीशी साडी वाळत घालत होती.

"उशिरा नेली असं कुणी म्हणत नाही," ती आईला म्हणाली, "माझी चूक तेवढीच."

आता आईकडे येते. इतका वेळ मी तेच टाळते आहे.

आईची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि एक दिवस ती पुन्हा बाहेर बसली. आमच्या घरी सोवळंओवळं कडक. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या विधवा बहिणीच्या, थोरल्या आत्यांच्या हातात स्वयंपाकघर होतं, आणि आत्यांचं मडी, म्हणजे सोवळं, तर विचारायलाच नको. त्या वाळत घातलेल्या लुगड्याकडे कावळ्याने बघितलं तरी पुन्हा भिजवत. मागच्या पडवीत गोणपाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तीन दिवस कुणी शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून नाहून घरात यायचं. आत्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट हसून म्हणाल्या, "लेकीला स्थळं बघतोय आणि आईला पुन्हा तारुण्य आलंय."

पहिल्या वेळी आई चौथ्या दिवशी नाहून आत आली. बारा दिवसांनी पुन्हा बाहेर. आणि मग ते थांबेचना. तिसऱ्या दिवशी सरलंसं वाटे, चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा दिसे. आत्यांचा नियम असा, की दिसलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आई कितीतरी दिवस त्या गोणपाटावर होती. अण्णांच्या कानावर ही बायकांची गोष्ट जाणं शक्यच नव्हतं. एकदा आईच भीत भीत म्हणाली, "वन्सं, एखाद्या डॉक्टरीणबाईला दाखवावं का?" आत्या रागावल्या नाहीत, अगदी मायेने म्हणाल्या, "दाखवू की. चौथा दिवस होऊ दे, नाहून घे, मग नेते मीच. बाहेरच्या बाईला गाडीत घालून कुठं न्यायचं गं?"

चौथा दिवस येत नव्हता, आणि चौथा दिवस आल्याशिवाय डॉक्टर नव्हता. आज हे लिहिताना एका ओळीत दिसतं. तेव्हा आम्हा तिघी शहाण्या बायकांपैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू, माझ्या आलं होतं. जास्वंदीच्या झुडपामागे वाळणारी फडकी वाढत चालली होती, आईचे ओठ पांढरे पडत होते, आणि मी कचेरीत जाताना त्या बाजूने मान फिरवून घेत होते. मला कळत होतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

रुक्माक्काने भिंतीवरून विचारलं, "कमळे, कितवा दिवस?"

"तिसरा," आई म्हणाली.

"गेल्या सोमवारी पण तिसराच होता."

रुक्माक्काने पिळलेली साडी तशीच बादलीत टाकली. दहाव्या मिनिटाला ती आमच्या पुढच्या दारात होती. "स्वल्प बोलायचंय." मी सवयीने मागच्या दाराकडे धावले, आणि मागच्या दारात आई बसलेली होती. पळायला जागाच उरली नाही.

रुक्माक्का सरळ पडवीत गेली आणि आईसमोर उकिडवी बसून हलक्या आवाजात विचारू लागली. वास येतो का, नुसतं पाणी जातं का, कंबर भरून येते का, किती दिवस झाले, खरे किती. आई जमिनीला उत्तरं देत होती. मग रुक्माक्का उठली.

"आत्याबाई, हिला उद्या सकाळी मी नेते."

"न्हाण होऊ दे."

"न्हाण होणार नाही, आत्याबाई."

"अय्यो, काय अभद्र बोलतेस घरात येऊन!"

"माझी थोरली बहीण सात महिने चौथ्या दिवसाची वाट बघत बसली," रुक्माक्का म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "हिच्यासारखीच, गोणपाटावर. तिचं ताट मी सरकवायची. लांबून. शिवायचं नाही म्हणून लांबून. पहिल्यांदा शिवले ती तिला उचलायला. तोवर उचलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यानंतर मी हॉस्पिटलात नोकरी धरली. उगाच नाही धरली."

आत्या दारात उभ्या होत्या, एक पाऊल आत, एक बाहेर. आणि मग रुक्माक्काने जे केलं ते आमच्या घराने तोवर पाहिलं नव्हतं. ती आईशेजारी गोणपाटावर मांडी घालून बसली, आईच्या ताटातला दहीभाताचा घास उचलून तोंडात घातला, आणि खरकट्या हातानेच आईच्या खांद्यावर हात टाकला.

"झालं. आता मी पण बाहेरची. दोघी बाहेरच्या बरोबर जातो, तुमच्या मडीला धक्का नाही. सरी? ठीक आहे ना?"

आई रडायला लागली. कितीतरी दिवसांत तिला कुणी शिवलं नव्हतं, मीसुद्धा. आत्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "सकाळी घोड्याचा जटका मी बोलावते. उपाशी जाऊ नका, काफी घेऊन जा."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतला तुकडा काढून पाठवला, आणि आठवड्याने या म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात मी कचेरीत टाईप केलेला एकही कागद बिनचूक नव्हता. साहेबांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मी नाही म्हणाले. हो म्हटलं तर ते खरं होईल असं वाटे.

तेव्हाची पद्धत अशी, की रोग बाईचा आणि निकाल नवऱ्याला. अण्णांना एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा ते चष्मा पुसत होते, आणि पुसतच राहिले. "व्रण आहे म्हणतात पोटात," ते आईला म्हणाले, "इलाज आहे. बरा होतो." आई म्हणाली, "बरं." अण्णांनी केसपेपर माझ्या हातात दिला आणि ते नळावर तोंड धुवायला गेले.

रुक्माक्का बादली घेऊन खांबाशी उभी होती. तिने मला डोळ्यांनी बोलावलं. "कागद धर बघू उजेडात."

तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिने कागदावरून बोट फिरवलं, वरच्या कोपऱ्यात थांबवलं आणि डोळे बारीक केले. तिथे रोमन आकडा होता.

"दोनच काठ्या ना? नीट बघ. तिसरी पुसट नाही ना?"

"दोन," मी म्हणाले.

तिने श्वास सोडला. रोग किती पसरला ते डॉक्टर तिथे लिहितात, हे तिने इतक्या वर्षांत कुणी न सांगता शिकून घेतलं होतं. "एक काठी असली, तर घरी जाऊन दिवाळी करायची. दोन असल्या, तर भांडायचं. तीन असल्या, तर भांडायचं आणि देवालाही सांगायचं. चौथीला काठीपुढे फाटा येतो. तो दिसला की मी त्या बाईला विचारते, तुला काय खावंसं वाटतंय." मग बादली उचलत म्हणाली, "भांडून झालं की पाच वर्षं मोजायची. पाच वर्षांत परत आलं नाही, तर सुटली म्हणतात डॉक्टर. सहसा पहिल्या दोनात येतं, यायचं असलं तर."

मी त्या कागदावरचा शब्दन् शब्द वाचला होता. मला त्यातून एवढं काही कळलं नव्हतं.

त्याच दिवशी बाकावर आईने तिला विचारलं. मी तिथेच होते. "अक्का, नागूला झालेलं तेच ना हे?"

"तेच. जागा वेगळी," रुक्माक्का म्हणाली. "आणि तू लवकर आलीस. फार लवकर नाही. पण लवकर."

आईने अण्णा कुठे आहेत ते बघून घेतलं. मग म्हणाली, "मला कळलंय हे यांना सांगू नका दोघी. त्यांना झेपायचं नाही."

रेडियमच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर एक लाल रेघ होती. खोलीतल्या बाईच्या पोटात रेडियमच्या नळ्या ठेवलेल्या. तीन दिवस उताणं पडायचं, कुशीवर वळायचं नाही. भेटायला येणाऱ्याने रेघेबाहेर उभं राहायचं. फरशी पुसून पुसून ती लाल रेघ पुसट झाली होती, म्हणून रुक्माक्का रोज सकाळी तिच्यावरून रांगोळीची रेघ ओढायची, आणि हात शिवशिवत म्हणून दोन्ही टोकांना एकेक कमळ काढायची. मेट्रन ओरडे. "मंगळागौर आहे का इथं?" रुक्माक्का म्हणे, "रेघ बघून बायका घाबरतात, फूल बघून स्वल्प कमी." मला काही कमी भीती वाटली नाही. मी त्या कमळापाशी उभी राहून आईकडे बघायची, आणि आई छताकडे.

आयांनाही आत जास्त थांबायची मनाई होती. रुक्माक्का आत शिरली की पुटपुटत कन्नडमध्ये मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. विसाच्या आत पाणी पाजायचं, विसाच्या आत भांडं काढायचं, विसाला रेघेबाहेर. तिचं हे मोजणं वॉर्डातल्या बायकांना पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी आईला उलट्या व्हायला लागल्या. उताण्या माणसाला उलटी होणं काय असतं ते मी बघितलं. मानही वळवायची तिला चोरी. रुक्माक्का आत गेली, आईचं डोकं एका हातावर तोलून धरलं, दुसऱ्या हाताने भांडं. ओठ हलताना दिसले, मग हलायचे थांबले. तिने मोजणं सोडलं होतं. मग मीच मोजायला लागले, मनात, आणि नंतर मोठ्याने.

"अक्का, चाळीस झाले! अक्का, पन्नास!"

"तुला मोजता येतं हे मला ठाऊक आहे," ती मान न वळवता म्हणाली.

मी रेघ ओलांडली नाही. ती आत होती आणि मी मोजत होते, एवढंच काय ते माझं शौर्य. नंतर ती नळावर कोपरापर्यंत हात घासताना दिसली. मी जवळ जाऊन उभी राहिले. "धुतल्याने जात नाही ते, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण हातांना काहीतरी करायला लागतं."

रेडियमनंतर पोटावर बाहेरून किरण द्यायचे होते, महिनाभर, एक दिवसाआड. त्यासाठी जांभळ्या शाईने पोटावर रेघा आखल्या होत्या. किरण कुठे सोडायचे त्याच्या खुणा. शेवटच्या किरणापर्यंत त्यांना पाणी लावायचं नाही. तोवर आईचं रक्त जाणं थांबलं होतं. आत्यांनी दिवस मोजले. एक, दोन, तीन. चौथ्या दिवशी पहाटे मी उठले तो न्हाणीघरातून शिकेकाईचा वास येत होता. आत्यांनी आईला पाटावर बसवून, तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घातलं होतं. स्वतःच्या हातांनी घासून. इतके दिवस वाट पाहिलेला चौथा दिवस अखेर आला होता, आणि त्या गुणगुणत होत्या. आईच्या पोटावर एकही रेघ उरली नव्हती.

रुक्माक्का दुपारी आली, आईचा पदर बाजूला करून बघितलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता ही आत्यांना फाडून खाणार. तिने दोन्ही भाषांत तोंड उघडलं आणि एकाही भाषेत शब्द निघाला नाही. आत्या विचारत होत्या, "काय झालं? काय केलं मी? मेली मी, काय केलं?" रेघांना पाणी लावायचं नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि वन्संना नको म्हणणं आईला जमलं नव्हतं. कळल्यावर त्या खाली बसल्या आणि आपल्याच तोंडात मारून घेऊ लागल्या. रुक्माक्काने त्यांचे दोन्ही हात धरले. आत्यांचे मडीतले हात, अंगावरच्या वॉर्डातल्या साडीनिशी. "पुन्हा आखतील हो आत्याबाई. पुन्हा आखतील." पुन्हा आखल्या, पण डॉक्टर फार बोलले. आधीच्या आणि नव्या रेघांत केसभर फरक पडला असेल का, ही धास्ती मला पुढे कितीतरी वर्षं होती.

त्यानंतर पाच वर्षं. लोकांना वाटतं दुखणं आलं तेवढंच भीतीचं, इलाज झाला की संपलं. आईची कंबर दुखली, की मला नागूबाईचा कणा आठवे. आईने ताटात भात टाकला, की अण्णा जेवायचे थांबत. आधी दर तीन महिन्यांनी तपासणी, मग सहा महिन्यांनी. तिसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी मल्लेश्वरमला राहायला गेले, पण तपासणीच्या दिवशी रजा टाकून आईबरोबर मीच जायची. आदल्या रात्री मी दर तासाला उठून घड्याळ बघे. आई मात्र वेणीत कनकांबरं माळून, लग्नाला निघाल्यासारखी निघे.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तपासणीला जाताना रुक्माक्का दारापर्यंत बरोबर असे, आईच्या पाठीवर थाप मारी, आणि आम्ही बाहेर आलो की नेमकी कुठेतरी नाहीशी झालेली असे. कधी कपडे मोजायला गेलेली, कधी दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी भिंतीवरून आई सांगे, "ठीक आहे म्हणाले." ती म्हणे, "सरी," आणि लगेच भाजीचं काहीतरी विचारी. आत्यांना याचा राग येई. "एवढं केलं बाईनं, आणि निकालाला दोन मिनिटं थांबत नाही." मलाही वाटे, रोज इतक्या बायका बघते, हिला आमचं आता काय अप्रूप.

साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. शेवटची तपासणी. डॉक्टर नवीन होते, तरुण, कन्नड बोलणारे. त्यांनी माझ्याकडे किंवा दाराबाहेर कुणाकडे बघितलं नाही, आईलाच म्हणाले, "अम्मा, पाच वर्षं झाली. कुठेही काही नाही. आता वर्षातून एकदा या." आईला पटेना. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते, ती सोडताना बोटं दुखली.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा रुक्माक्का तिथे नव्हती. नोकरी संपवून, बळेपेटेतलं घर सोडून ती तुमकूरकडे भाच्याकडे राहायला गेली होती. पुढे काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं. कशाने गेली ते निरोप आणणाऱ्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला विचारायची भीती वाटली. म्हणून त्या पाचव्या वर्षाच्या दिवशी दिसली तीच माझ्यासाठी शेवटची.

लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. घडी केलेली चादर उलगडून पुन्हा तीच घडी घालत होती. आई तिच्या मागे जाऊन थांबली.

"अक्का."

ती वळली नाही. "सांग."

"काही नाही म्हणाले. वर्षातून एकदा ये म्हणाले."

तिचे हात थांबले. "परत सांग."

आईने परत सांगितलं. तेव्हा रुक्माक्का भिंतीला टेकत टेकत खाली बसली, फरशीवर, मांडीवर चादर तशीच. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडली. पाच वर्षांत काय, जन्मात मी तिला रडताना बघितलं नव्हतं. आई तिच्याशेजारी बसली.

"दर वेळी पळून जायची मी, कमळे," ती म्हणाली. "ऐकवायचं नाही मला. वाटायचं, हिलाही मी उशिराच आणली. भिंतीवरून किती दिवस दिसत होतीस तू मला. पहिल्या दिवशीच विचारलं नाही मी. मला पण भीती वाटली होती विचारायची."

आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात आतून हाक आली, "रुक्मम्मा!" तपासायच्या खोलीबाहेर एक चाळिशीची बाई खांबाला मिठी मारून उभी होती आणि आत यायला तयार नव्हती. तिचा नवरा लांब जाऊन उभा होता. रुक्माक्का उठली, पदराने डोळे-नाक पुसलं, चादर आईच्या हातात दिली आणि गेली. त्या बाईशी काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दोघी आत गेल्या.

आई म्हणाली, तिला सांगून निघू. आम्ही दाराशी थांबलो. आत हिरवा पडदा ओढलेला होता, जमिनीपासून हातभर वर. पडद्याखाली चार पावलं दिसत होती. दोन अनवाणी, जोडवी घातलेली, एकमेकांना घट्ट चिकटलेली. दोन रुक्माक्काची. कितीतरी वेळ ती चारी जागची हलली नाहीत. मग जोडव्यांची पावलं एकेक करून वर, तपासायच्या टेबलावर उचलली गेली आणि दिसेनाशी झाली. रुक्माक्काची तिथेच राहिली.